कॅबिनेटमधला सीडी प्लेयर

२००० सालाच्या आगेमागे घरात आलेल्या संगणकाचा दर्शनी भाग आठवून पाहा. सीडीच्या खणाखाली हेडफोनची पिन घालायचं भोक, त्याला लागून अंगठ्यानं फिरवायची छोटी दातेरी चकती, एक मिणमिणता दिवा आणि दोन बटणं. एक खण उघडायचं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्यावर आडवा त्रिकोण होता. तो कुणी दाबल्याचं मला आठवत नाही. गाणं लावायला माउस असताना वाकून कॅबिनेटपर्यंत हात कोण नेणार? पुढे ते बटण ड्राइव्हवरून नाहीसं झालं, तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही.

या त्रिकोणावरून माझ्या एका स्नेह्यांच्या घरी मामा-भाचीचा वाद रंगला. मामांचं साताऱ्यात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. नंतरच्या काळात संगणकही तिथे यायचे. आता दुकान आवरून ते पुण्यात बहिणीच्या शेजारी राहायला आले आहेत. भाचीनं इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली आणि नोकरी सॉफ्टवेअरमध्ये धरली, त्यामुळे सोल्डरिंगची हौस रविवारी भागवते. जुनं जपणारा म्हातारा आणि नव्याच्या मागची पोर अशी जोडी कुणाला अपेक्षित असेल तर इथे उलट आहे. जपायला निघाली आहे ती भाची. मोडीत काढा म्हणतात ते मामा. आयुष्यभर लोकांच्या वस्तू जगवलेल्या माणसाला या वस्तूचं वावडं का, हे मला ऐकायचं होतं. बोलणं जमेल तसं उतरवलं आहे. मला मध्येच काही सांगावंसं वाटलं तिथे कंस टाकले आहेत.

भाची : मामा, तू याला सुटा भाग म्हणतोस तिथेच चुकतंय. हा पुरता सीडी प्लेयर आहे. मागून पाच आणि बारा व्होल्ट दे, खणात सीडी ठेव, त्रिकोण दाब. मदरबोर्ड नको, ती रुंद राखाडी केबलची पट्टी नको, काही नको. वाजत असताना तेच बटण परत दाबलं की पुढचं गाणं. खणाचं बटण एकदा दाबलं की थांबतो, पुन्हा दाबलं की खण बाहेर.

मामा : अगं, मला काय सांगतेस! दुकानात आलेला ड्राइव्ह असाच तर तपासायचो. एक भजनांची सीडी ठेवलेली असायची. सप्लाय जोडायचा, ती टाकायची. वाजली की ड्राइव्ह बरा आहे, भानगड केबलमध्ये नाहीतर बोर्डात. पण तपासायला म्हणून वाजवणं निराळं आणि दिवाणखान्यात मांडून त्याला प्लेयर म्हणणं निराळं.

भाची : निराळं कसं? आत जे घडतं ते तेच ना?

मामा : काय घडतं ते तूच सांग. पदवी तुझ्याकडे आहे.

भाची : सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घेतलेलं असतं, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचं, प्रत्येक माप १६ बिटांचं. सोनी आणि फिलिप्सनं १९८० मध्ये हे ठरवलं, १९८२ च्या ऑक्टोबरात सोनीचा पहिला प्लेयर जपानच्या दुकानांत आला, आणि गाण्याच्या सीडीचं ते प्रमाण अजून तेच आहे. हे आकडे वाचून त्यांचा परत आवाज करणारी चिप, म्हणजे डॅक, या ड्राइव्हच्याच बोर्डावर बसवलेली आहे. म्हणून तर मागच्या बाजूला चार पिनांचं हे बारकं सॉकेट. कडेच्या पिना उजव्या-डाव्या आवाजाच्या, मधल्या दोन ग्राउंडच्या.

मामा : आणि तिथून एक केसासारखी वायर साउंड कार्डाला जायची. ती जोडायची राहिली की गिऱ्हाईक दारात. "गेमचा आवाज येतो, गाण्याची सीडी मुकी आहे." ती वायर लावून दिली की लोक मला मोठा तज्ज्ञ समजायचे.

(ही वायर महत्त्वाची आहे, कारण बटण का आलं आणि का गेलं याचं उत्तर तिच्यात आहे. विंडोज ९८ च्या काळापर्यंत संगणक सीडीतल्या गाण्याला हातही लावत नसे. तो ड्राइव्हला फक्त "वाजव" असं सांगे. आकड्यांचा आवाज ड्राइव्हच करी आणि तयार आवाज त्या वायरीतून साउंड कार्डाकडे जाई. पुढे संगणक वेगवान झाले. विंडोज एक्सपीच्या काळात सीडीवरचे आकडे थेट मोठ्या केबलमधून उचलून संगणकातच त्यांचा आवाज करायची पद्धत रुळली. मग ड्राइव्हमध्ये डॅक कशाला, हेडफोनचं भोक कशाला, चकती कशाला? कारखानदारांनी एकेक करून सगळं काढून टाकलं. पुढे साटा जोडणीचे ड्राइव्ह आले ते बहुतेक मुकेच. भाचीचा खटाटोप म्हणूनच साधारण दहा-बारा वर्षांच्या उत्पादनापुरता आहे. त्याआधीचे ड्राइव्ह हाती लागत नाहीत आणि त्यानंतरचे या कामाचे नाहीत.)

मामा : प्लेयर आहे हे मान्य. पण कसला? डॅक आहे तो स्वस्तातला. यंत्र बनवलंय डेटा पळवायला. तोंडावर ५२ एक्स लिहिलंय, म्हणजे मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या घरात. गाण्याला किती लागतात? आतल्या कडेला पाचशे, बाहेर जाईतो दोनशे. शर्यतीचा घोडा टांग्याला जुंपायचा हा प्रकार आहे.

भाची : पण गाणं लावलं की तो पळत नाही ना. सुरुवातीला घुर्र करतो, सीडी कसली आहे ते ओळखतो, मग धीमा होतो. आणि डेटाचं म्हणशील तर काम तेच कडक असतं. सीडीवरच्या २३५२ बाइटांच्या एका कप्प्यात डेटा ठेवतात २०४८ च. उरलेल्यातली बरीचशी जागा चुका हेरून दुरुस्त करायला, कारण एक बिट चुकला तर प्रोग्रॅम चालत नाही. गाण्याला तेवढी तटबंदी नाही. एखादं माप वाचताच आलं नाही तर प्लेयर शेजारच्या मापांवरून मधलं अंदाजानं भरतो, आणि कानाला पत्ता लागत नाही.

मामा : ओरखडे फार असले की लागतो. टक्-टक् करतं ना, तो अंदाज संपल्याचा आवाज. बरं, आवाज घेतेस कुठून? पुढच्या भोकातून?

भाची : आधी तिथूनच घेतला.

मामा : त्या चकतीत वीस-बावीस वर्षांची धूळ आहे. फिरवलीस की खरखर, सोडलीस की एक कान बंद.

भाची : म्हणून मागच्या चार पिनांतून घेतला. तिथे चकतीचा संबंध येत नाही. सरळ ॲम्प्लिफायरला. यूएसबीच्या पाच व्होल्टांवर चालणारा एक छोटा बोर्ड मिळतो, त्यावर नखाएवढी चिप, दोन्ही बाजूंना तीन-तीन वॅट.

मामा : ते तीन वॅट म्हणजे आवाज फाटायला लागल्यावरचे. स्वच्छ हवा असेल तर निम्म्यावर थांब. ४४४० लाव. बारा व्होल्ट तुझ्याकडे आहेतच.

(४४४० म्हणजे सान्यो कंपनीची एलए ४४४० ही आयसी. मुळात मोटारीतल्या टेपसाठी केलेली, म्हणून बारा व्होल्टांवर खूश; दोन बाजूंना सहा-सहा वॅट देते. लॅमिंग्टन रोडपासून बुधवार पेठेपर्यंत, आणि गावोगावच्या दुरुस्तीच्या दुकानांत, ॲम्प्लिफायर बनवायला शिकलेल्या दोन पिढ्यांचा हात तिच्यावर बसला. मामांनी तिचं नाव काढलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं की विरोध करता करता हा माणूस जोडणी करायलाही लागला आहे.)

भाची : लावते. आणि स्पीकर त्याच संगणकाचे. हे बघ, यांच्या आत ॲम्प्लिफायर आहेच. म्हणजे खरं तर ४४४० पण नको, ड्राइव्ह थेट स्पीकरला.

मामा : मग तसंच कर. जे आयतं आहे ते पुन्हा बनवू नये. सप्लाय कसला लावलायस?

भाची : त्याच कॅबिनेटमधला. एटीएक्स. मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला टेकवली की सुरू होतो. पिवळीवर बारा, लालवर पाच. एक टाचणी वाकवून खुपसली आहे.

मामा : ती आधी काढ.

भाची : का?

मामा : काढ आधी, मग सांगतो. हां. आता ऐक. घरातली वीज २३० व्होल्ट म्हणतात, पण लाटेचा माथा असतो ३२५ वर. या पेटीत शिरल्याबरोबर तिचं डीसी होतं आणि ते सव्वातीनशे व्होल्ट दोन ढबू कपॅसिटरांत साठतात. प्लग काढलास तरी ते लगेच रिकामे होतील असं नाही. रिकामे करायला आत एक रेझिस्टर असतो. तो जळालेला असला की कपॅसिटर तुझी वाट बघत बसलेला असतो. म्हणून ही पेटी उघडायची नाही.

भाची : मी उघडणारच नाही. बाहेरच्या बाहेर पाच आणि बारा घेते.

मामा : मग बाहेरचंच सांगतो. तुझ्या खोलीतल्या सॉकेटची तिसरी पिन कुठे जाते?

भाची : अर्थिंगला.

मामा : या नव्या इमारतीत जात असेल. तुझ्या आजोळी जात नव्हती. जुन्या वाड्यांत, चाळींत तिसरं भोक कितीदा नुसतं शोभेला असतं, मी स्वतः उघडून पाहिलंय. आता या पेटीत गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजपासून पेटीच्या पत्र्याला, एक न्यूट्रलपासून पत्र्याला. अर्थिंग असेल तर पत्रा गप्प. नसेल तर तो दोघांच्या मधोमध लटकतो, म्हणजे एकशेपंधरा व्होल्टांच्या आसपास. करंट अगदी थोडका, म्हणून माणसाला काही होत नाही, झिणझिण्या येतात. संगणकाला हात लावला की शॉक लागतो म्हणून लोक माझ्याकडे कॅबिनेट उचलून आणायचे. कॅबिनेट ठणठणीत असायचं, दोष घराच्या भिंतीत.

भाची : पण मी पत्र्याला हात लावत नाही.

मामा : लावतेस. पेटीतली काळी वायर त्याच पत्र्याला जोडलेली आहे, आणि हेडफोनचं ग्राउंड काळ्या वायरीला. पत्रा तू कानात घालून बसतेस.

(यावर भाची बराच वेळ बोलली नाही. इथे मी सोळा आणे मामांच्या बाजूचा आहे. हिरवी-काळी टेकवायची युक्ती सांगणारे पुष्कळ भेटतात; तिसऱ्या पिनेचं विचारणारे हेच पहिले. १९९५ मध्ये एटीएक्सची पद्धत येण्यापूर्वीच्या संगणकांत तर पुढच्या बटणापर्यंत २३० व्होल्ट खेळवलेले असत. तो सप्लाय बाहेर काढून टेबलावर लावणं म्हणजे उघड्या वायरीशी खेळ.)

भाची : मग सप्लाय दुसरा घ्यायचा?

मामा : घ्यायचाच. हा तीनशे वॅटचा, तुझा ड्राइव्ह आणि ॲम्प्लिफायर मिळून दहा-पंधराही खाणार नाही. एवढ्या हलक्या कामावर जुने सप्लाय व्होल्टेज नीट धरत नाहीत. शिवाय २००० नंतरच्या काही वर्षांत खराब कपॅसिटरांचा नुसता सुळसुळाट झाला होता, डोकी फुगलेले किती बदलले मी. आणि पंखा! त्याच्या घरघरीत तुझा ख्याल ऐकायचा? जुनी हार्ड डिस्क यूएसबीला जोडायचं किट मिळतं, त्याच्याबरोबर एक काळा अडॅप्टर येतो. बारा आणि पाच, दोन्ही व्होल्ट, दोन-दोन अँपिअर, आणि टोकाला हाच चार पिनांचा पांढरा कनेक्टर. तो घे. लावण्याआधी मीटरनं बघ. पाचाच्या जागी बारा गेले की ड्राइव्हचा धूर.

अडॅप्टर आला आणि पंख्याची घरघर गेली. मग ऐकू आली ती किरकिर. ॲम्प्लिफायर अखेर ४४४० चाच केला होता, भाचीला तो बनवायचाच होता. गाण्यातल्या शांत जागी, तानपुऱ्याच्या मागे, किर्र-किर्र. ड्राइव्ह पुढच्या ट्रॅककडे सरकला की ती वाढायची.

भाची : हा बघ तुझा चांगला सप्लाय.

मामा : सप्लायला बोल लावू नकोस. ग्राउंड कुठून आणलंस?

भाची : ड्राइव्हच्या कनेक्टरवरून पुढे ॲम्प्लिफायरला.

मामा : म्हणजे मोटरचा करंट ज्या वायरीतून परत जातो त्याच वायरीवर ॲम्प्लिफायर उभा केलास. मोटरनं करंट खेचला की त्या वायरीत थोडे व्होल्ट पडतात, आणि ॲम्प्लिफायर त्यांना गाणं समजून मोठं करतो. दोघांची ग्राउंड वेगवेगळ्या वायरीनं अडॅप्टरच्या टोकाशी आण. तिथे एकत्र कर, वाटेत कुठे नाही. आवाजाची वायर जाळी असलेली घे, आणि जाळी एकाच टोकाला जोड.

भाची : हे आम्हाला शिकवलं होतं रे.

मामा : शिकवलं असेल. किरकिर ऐकवली नसेल.

(किरकिर पुष्कळच कमी झाली. पूर्ण गेली असं म्हणवत नाही. कान लावून ऐकलं तर अजून आहे, आणि मामा कान लावूनच ऐकतात.)

मामा : आता मूळ मुद्दा. वाजवणार काय? २००५ च्या सुमाराला लोकांनी काय विकत घेतलं आठव. एका चकतीत दीडशे गाणी. रस्त्यावर, एसटी स्टँडवर, सगळीकडे एमपी३ ची सीडी. ती घाल यात.

भाची : नाही वाजत. त्याच्या लेखी तो नुसता डेटा. एमपी३ उलगडायची अक्कल याच्यात नाही, याला फक्त गाण्याची अस्सल सीडी कळते. घरी लिहिलेली असेल तर ती ऑडिओ सीडी म्हणून लिहिलेली हवी, ७४ नाहीतर ८० मिनिटांची.

मामा : म्हणजे अर्ध्या महाराष्ट्राच्या घरातल्या सीड्या बाद.

भाची : पण आईच्या नाहीत. तिनं नाट्यसंगीत आणि शास्त्रीय दुकानातून विकत घेतलंय, एकेक करून. कपाटाचा एक खण भरलाय आणि घरात वाजवायला एक यंत्र नाही. लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, टीव्हीखालचा डीव्हीडी प्लेयर बंद पडला.

मामा : कॉपी करून घे हार्ड डिस्कवर. एका दुपारचं काम नाही, पण महिनाभरात होईल. मग फोनवर ऐक, कुठेही ऐक.

भाची : फोनवर आहेच की सगळं. ऐकते का मी? विलंबित सुरू होतं आणि वर कुरियरवाल्याचा ओटीपी येतो. या डब्याला दोन बटणं आहेत. मागे जाता येत नाही, उलटसुलट लावता येत नाही. एकदा दाबलं की पन्नास मिनिटं एक राग.

मामा : ही तुझ्या सवयीची तक्रार आहे, फोनची नाही. फ्लाइट मोडवर टाक, ओटीपी बंद. यंत्राला जे जमत नाही त्याला गुण म्हणायची नवी रीत निघाली आहे. कितवं गाणं चाललंय ते कळत नाही, मागे जाता येत नाही, रिमोट नाही. माझ्या दुकानात असा प्लेयर कुणी आणला असता तर मी म्हटलं असतं, बिघडलाय.

भाची : ते करता येतं. मागच्या चाळीस पिनांच्या सॉकेटला एक मायक्रोकंट्रोलर जोडायचा. संगणक जे हुकूम द्यायचा तेच तो देईल. ट्रॅक नंबर दाखवायला पडदा, मागे-पुढे जायला बटणं, रिमोटसुद्धा.

मामा : म्हणजे संगणक नको म्हणून सुरुवात केलीस आणि संगणक परत आणलास. लहान आणलास एवढंच.

(या टोल्याला भाचीकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. फ्लाइट मोडचं मात्र मला पटत नाही. हाताशी असलेली सोय रोज स्वतःहून बंद करायची, हे सांगणं सोपं. तसं करणारा माणूस मला भेटायचा आहे. ऐकण्यासाठी निराळी वस्तू असली की ऐकणं होतं. रेडिओ दुरुस्त करून घ्यायला लोक मामांकडे का येत होते, टीव्ही घरात असताना?)

मामा : एक ऐक माझं. कॉपी करच. तुझ्या त्या विकतच्या सीड्या टिकतील अजून, पण घरी लिहिलेल्या सीडीत शाईसारखा रंग असतो, उन्हानं, उष्णतेनं तो उडतो. आईच्या मुंजी-बारशांच्या, गाण्याच्या क्लासच्या ज्या असतील त्या आधी उतरव.

भाची : उतरवते. त्याला जुना संगणकच वापरते की. लिनक्स टाकून त्यालाच गाण्याचं कपाट करू का? मोठी डिस्क, चांगलं साउंड कार्ड…

मामा : पेन्टियम फोर? नुसता बसून ऐंशी वॅट खाईल. रोज पाच तास लावलास तर महिन्याला बारा युनिट, दरमहा, गाणी ऐकायला. त्यापेक्षा पत्त्याच्या कॅटाएवढा रास्पबेरी पाय संगणक घे, चार-पाच वॅटवर तेच काम. ज्या दिवशी जुनी वस्तू नवीपेक्षा जास्त वीज खाते त्या दिवशी तिचं जपणं बंद.

(हार्ड डिस्कचंही बोलणं निघालं. तिच्यातला हेडचा हात चुंबकांमध्ये बसवलेल्या वेटोळ्यानं हलतो, म्हणजे तत्त्व स्पीकरचंच. ॲम्प्लिफायरच्या वायरी त्या वेटोळ्याला लावल्या की डिस्क खरोखर गाते, पत्र्याच्या आवाजात. भाचीनं करून दाखवलं, मामा हसले, तिथेच तो विषय संपला. पोलंडमधल्या पावेल झाद्रोझ्न्याक नावाच्या अभियंत्यानं फ्लॉपी ड्राइव्हच्या मोटरी ठरावीक वेगानं फिरवून त्यांच्याकडून सूर काढले. त्याच्या २०२२ च्या वाद्यात तब्बल ५१२ फ्लॉपी ड्राइव्ह आहेत. कसरत म्हणून भारी. घरात ऐकायला कुणी ठेवणार नाही.)

भाची : तू वीजबिल मोजतोस, कचरा मोजत नाहीस. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात २०२२ सालचा आकडा आहे, जगभरात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा. त्यातला रीतसर गोळा होऊन प्रक्रियेला गेल्याची नोंद २२.३ टक्क्यांचीच. बाकीच्याचं काय होतं ते तुला माहीत आहे.

मामा : माहीत आहे. तांब्यासाठी वायरी पेटवतात, बोर्डावरचे शिशाचे डाग उकलायला शेगडीवर धरतात. मी पाहिलंय ते. पण तुझा एक ड्राइव्ह त्यात किती? पाऊण किलो, एक किलो. आणि दहा वर्षांनी याची लेसर मंदावली की हाही तिथेच जाणार.

भाची : दहा वर्षांनी जाईल. आणि त्या दहा वर्षांत आईसाठी नवा प्लेयर विकत आणला जाणार नाही. मी जगाचा कचरा कमी करते असं म्हणतच नाहीये.

मामा : मग कचऱ्याचे आकडे सांगू नकोस. आईला गाणं ऐकायचंय आणि तुला बनवायचंय, हे कारण पुरेसं आहे.

(मला वाटतं, वाद इथे मिटला. मामांचा आक्षेप जुन्या वस्तूला नव्हताच. जुन्या वस्तूच्या नावानं बांधलेल्या कारणांना होता. दुकानात त्यांनी रेडिओ जगवले ते माणसाला ऐकायचे होते म्हणून. पर्यावरण वाचतं असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.)

शेवटी डब्याचं झाकण लावायची वेळ आली. ड्राइव्ह कधी अडला तर, म्हणून मामांनी भाचीला दोन गोष्टी बजावल्या. खण अडकला तर आधी आतला रबरी बेल्ट बघायचा, तो सैल होतो. पुढच्या बारीक भोकात सरळ केलेली पेपर क्लिप घातली की खण हातानं काढता येतो. आणि वरचं झाकण काढून सीडी फिरताना आत डोकवायचं नाही. सीडीची लेसर ७८० नॅनोमीटरची, डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, म्हणून ती चालू आहे हेच कळत नाही. ड्राइव्हवर लेसर निर्धोक असल्याची जी पट्टी असते ती झाकण बंद असतानाची.

माझा कौल असा. सीडी ड्राइव्ह वाचवण्यासारखा आहे, कारण तो मुळातच स्वतंत्र यंत्र होता आणि संगणकात केवळ वस्तीला आला होता. स्पीकर वाचवण्यासारखे आहेत. पूर्ण संगणक गाण्यासाठी चालू ठेवणं वीज जाळणं आहे. आणि पॉवर सप्लाय, कितीही ठणठणीत दिसला तरी, या कामाला लावू नये. भाचीला यातलं शेवटचं अजून नीटसं मान्य नाही. अर्थिंग तपासून घेतलं तर काय हरकत, असं ती म्हणते. मी मामांचं ऐकेन.

तुमच्या माळ्यावर जुनं कॅबिनेट असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा खाली काढा. ड्राइव्हच्या तोंडावर त्रिकोणाचं बटण आणि हेडफोनचं भोक, मागे चाळीस पिनांची रुंद जागा आणि चार जाड पिनांचं पॉवरचं सॉकेट असेल तर चार स्क्रू सोडवून तेवढा बाजूला ठेवा. मागच्या जोडण्या अरुंद आणि एल आकाराच्या खाचेच्या असतील तर तो साटाचा आहे, त्यातून असा आवाज बहुधा निघणार नाही. हार्ड डिस्कवरचे फोटो उतरवून घ्या. सप्लायची पेटी न उघडता बाकीच्या सामानासह अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी ही जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे, पण वस्तू त्या केंद्रापर्यंत पोचवायची आपल्यालाच.